दुसऱ्याच्या हृदयावर जगताना : हृदय प्रत्यारोपण आणि नंतरची परिचर्या

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाचे निकामी झालेले हृदय काढून त्या जागी दुसऱ्या माणसाचे हृदय बसविले. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले ते ३ डिसेंबर १९६७ रोजी. म्हणजे त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांत मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात, गोरगरिबांच्या वस्तीत, हा प्रयोग झाला. जगातील अगदी पहिल्या पाच-सहा शस्त्रक्रियांत त्याची गणना होते. डॉ. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा प्रयत्न झाला, पण तोही रुग्ण वाचू शकला नाही. यानंतर मुंबईत हृदय प्रत्यारोपण यशस्वी झाल्याची वार्ता येण्यास २०१५ साल उजाडावे लागले.

मधली सत्तेचाळीस वर्षे कशात गेली, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. हात शिवणाऱ्याचे कसब कमी होते असे मुळीच नव्हे. हृदय जोडण्याची रीत डॉ. सेन यांना अवगत होती. अडचणी तीन होत्या. परके हृदय शरीर टिकू देत नसे. हृदय धडधडत असताना माणूस मृत म्हणता येतो काय याविषयी कायदा मुका होता. आणि या दोन्ही गोष्टी सुटल्या तरी हृदय देणार कोण, हा प्रश्न उरतच होता. पहिली अडचण प्रयोगशाळेने सोडविली, दुसरी संसदेने. तिसरी अद्याप पुरती सुटलेली नाही, आणि तिचा संबंध प्रस्तुत मासिकाच्या वाचकवर्गाशी, म्हणजे ग्रामसेवक, शिक्षक, सरपंच व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्याशी थेट येतो.

‘हार्ट फेल’ म्हणजे काय ?

आपल्या बोलण्यात ‘हार्ट फेल झाले’ याचा अर्थ माणूस बसल्या जागी गेला असा होतो. वैद्यकशास्त्रात त्या शब्दांचा अर्थ अगदी निराळा आहे आणि या घोटाळ्यामुळे अनेक कुटुंबे उपचारास उशीर करतात. हृदय हा एक स्नायूंचा पंप आहे. विश्रांतीच्या स्थितीत तो मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलतो आणि दिवसाकाठी त्याचे जवळजवळ एक लाख ठोके पडतात. हा पंप बंद न पडता दुबळा होतो, शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवू शकत नाही, तेव्हा त्यास हृदयाची अकार्यक्षमता म्हणतात. रुग्ण या स्थितीत महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे जगतो.

निरोगी हृदयाचा डावा कप्पा भरला असता त्यातील निम्म्याहून थोडे अधिक रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर पडते. दुबळ्या हृदयात हे प्रमाण चाळीस टक्क्यांखाली, आणि फार बिघडलेल्या हृदयात पंचवीस टक्क्यांच्याही खाली जाते. उरलेले रक्त मागे तुंबते. फुप्फुसांत पाणी साचून दम लागतो, पायांवर सूज येते, बोटाने दाबले तर तेथे खळगा पडून तसाच राहतो. पूर्वी शेताचा बांध सहज ओलांडणारा माणूस अंगणात जाताना थांबू लागतो. उताणे झोपले की श्वास कोंडतो म्हणून उशाशी दोन-तीन उशा लागतात. मध्यरात्री घाबरून उठून खिडकीपाशी बसावे लागते. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले तर ती चरबी नसते, साठलेले पाणी असते.

कारणे अनेक आहेत. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला स्नायू, बरीच वर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब, लहानपणच्या सांधेतापाने नासलेल्या झडपा, अतिमद्यपान, काही घराण्यांत वारशाने येणारा स्नायुदोष ही त्यांतील प्रमुख होत. क्वचित बाळंतपणाच्या सुमारास धडधाकट तरुणीचे हृदय एकाएकी दुबळे होते. दम लागणे हा अशक्तपणा समजून तिला घरीच ठेवले जाते, ही गोष्ट आरोग्यसेविकांनी विशेष ध्यानात ठेवावी.

अशा सर्व रुग्णांना प्रत्यारोपण लागते असे मात्र नाही. किंबहुना बहुसंख्यांना लागत नाही. आज उपलब्ध असलेल्या औषधांनी, मीठ कमी केल्याने आणि काहींच्या बाबतीत छातीत बसविलेल्या विद्युत्‌यंत्राने हृदय पुष्कळ सावरते. मिठाच्या बाबतीत एक सांगितले पाहिजे. भाजीतले मीठ कमी करणारे घर पापड, लोणचे, सुकट आणि खारवलेले मासे ताटात ठेवतेच, आणि मग औषध लागू पडत नाही अशी तक्रार करते. सर्व उपाय थकल्यावर, वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागू लागल्यावर आणि बसल्या जागीही दम लागू लागल्यावर प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो.

तो सुरू झाला म्हणजे रुग्णाची कसून तपासणी होते. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब फार चढलेला असेल तर नवे हृदय त्या दाबापुढे पहिल्याच दिवशी हार खाते. म्हणून मानेतील किंवा जांघेतील शिरेतून नळी घालून तो दाब प्रत्यक्ष मोजतात. चालू संसर्ग, कर्करोग, कायमचे निकामी झालेले यकृत किंवा मूत्रपिंड हे अडथळे ठरतात. तंबाखू, मिसरी, गुटखा, विडी पूर्णपणे सुटलेली असावी लागते. याखेरीज आणखी एक गोष्ट तपासतात, तिचा उल्लेख वैद्यकीय पुस्तकांत कमी पण डॉक्टरांच्या बोलण्यात नेहमी असतो. रुग्णाच्या घरी त्याची औषधे वेळेवर देणारे, त्याला रुग्णालयात नेणारे माणूस आहे काय, हे पाहिले जाते.

प्रतीक्षेत दिवस फार गेले आणि हृदय अगदीच खचले तर डाव्या कप्प्याला मदत करणारा यांत्रिक पंप बसविता येतो. त्याचा खर्च प्रचंड असल्याने आपल्याकडे तो मोजक्याच रुग्णांच्या वाट्याला येतो.

कायदा आणि मृत्यूची व्याख्या

हृदय काढून घ्यावयाचे तर ते धडधडत असताना काढावे लागते, आणि ते काढण्यापूर्वी दाता मृत असला पाहिजे. हा पेच १९६८ मध्ये साऱ्या जगापुढे होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष प्रसिद्ध केले. आपल्या देशात मात्र त्यानंतर पाव शतक लोटले. मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमास ८ जुलै १९९४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानंतर महिन्याच्या आतच, ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आता ३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. हा अधिनियम ४ फेब्रुवारी १९९५ पासून प्रथम ज्या राज्यांत लागू झाला ती राज्ये म्हणजे महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. या तीन विधानमंडळांनी तसा ठराव करून संसदेला विनंती केली होती. पुढे २०११ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या आणि २०१४ मध्ये नवे नियम आले.

मेंदूमृत्यू, अर्थात मस्तिष्क स्तंभाचा मृत्यू, ही संकल्पना लोकांना समजावून देणे सर्वांत कठीण जाते. अपघातात डोक्याला जबर मार बसला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला म्हणजे मेंदूला सूज येऊन त्याचा रक्तपुरवठा कायमचा थांबतो. श्वसनाचे केंद्र मेंदूच्या देठात असते. देठ मेला की माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही. पण कृत्रिम श्वसनयंत्राने फुप्फुसांत हवा भरत राहिली तर हृदय, ज्याला ठोका देण्याची स्वतःची यंत्रणा आहे, आणखी काही तास किंवा काही दिवस चालते. अंग गरम लागते, छाती वरखाली होते. नातेवाइकांना वाटते की जीव आहे. बेशुद्धावस्था, म्हणजे कोमा, ही वेगळी गोष्ट. कोमातला रुग्ण जिवंत असतो, त्यातले काही शुद्धीवरही येतात. मेंदूचा देठ मेलेला माणूस परत येत नाही. यात अपवाद नाही.

हे ठरविण्याचे काम एका डॉक्टरवर सोपविलेले नाही. चार डॉक्टरांचे पथक ते करते : रुग्णालयाचे वैद्यकीय प्रशासन पाहणारे डॉक्टर, मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या यादीतील एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदू-शल्यविशारद, आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर. मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध नसेल तर २०११ च्या दुरुस्तीने शल्यचिकित्सक किंवा फिजिशियन, तसेच भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ यांना ही जबाबदारी घेता येते. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणीही यात असत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देतात काय, बुबुळाला स्पर्श केला असता पापणी मिटते काय, घशात नळी हलविली असता ठसका येतो काय, आणि यंत्र थोडा वेळ बाजूला केले असता श्वासाची एकतरी हालचाल होते काय, या चाचण्या केल्या जातात. किमान सहा तासांच्या अंतराने त्या पुन्हा करतात. दोन्ही वेळा उत्तर नकारार्थी आले तरच प्रमाणपत्र दिले जाते.

यानंतरच नातेवाइकांना विचारले जाते. ते नको म्हणाले तर विषय तेथेच संपतो. दात्याने हयातीत प्रतिज्ञापत्र भरलेले असले तरी व्यवहारात जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घेतली जाते. दाता अज्ञान असल्यास आई किंवा वडील संमती देऊ शकतात. संमतीनंतर अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही. अवयवांचा पैशाने व्यवहार करणाऱ्यास पाच ते दहा वर्षे कारावास आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे.

अपघाताच्या प्रकरणात पंचनामा व शवविच्छेदन येतेच. पूर्वी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नसे आणि या एका कारणावरून दान रात्रभर अडकून पडे. शोकाकुल कुटुंबाचा धीर तेवढ्यात सुटे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने आवश्यक सोयी असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनास अनुमती दिली आणि अवयवदानाच्या प्रकरणांना त्यात अग्रक्रम दिला. ठाणे अंमलदारापासून जिल्हा शल्यचिकित्सकापर्यंत प्रत्येकाला हा निर्णय ठाऊक असणे आवश्यक आहे. ज्या रुग्णालयात प्रत्यारोपण होत नाही, पण अतिदक्षता विभाग आहे, त्याची नोंदणी केवळ अवयव काढून देणारे केंद्र म्हणूनही करता येते. अपघातग्रस्त माणूस प्रथम जिल्ह्याच्याच गावी आणला जातो, हे लक्षात घेता या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

चार तासांचे अंतर

काढलेले मूत्रपिंड थंड ठेवले तर चोवीस तासांहून अधिक टिकते, यकृत आठ ते बारा तास. हृदयाला सुमारे चारच तास मिळतात. दात्याच्या शरीरातील रक्तपुरवठा तोडल्यापासून नव्या छातीत रक्त खेळू लागेपर्यंतचा हा काळ आहे आणि त्यात प्रवासही आला.

राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत. प्रतीक्षायादी त्यांच्याकडे असते. कोणाला हृदय द्यावयाचे हे रुग्णालय किंवा दात्याचे नातेवाईक ठरवीत नाहीत. रक्तगट, शरीराचे आकारमान, आजाराची तीव्रता व यादीतील क्रम यांवर ते ठरते. नव्वद किलोच्या माणसाला पंचेचाळीस किलोच्या दात्याचे हृदय पुरे पडत नाही, म्हणून वजन व उंची पाहावी लागते. मूत्रपिंडाप्रमाणे ऊतींची जुळणी बारकाईने पाहत बसण्यास येथे सवड नसते.

ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातील एका कुटुंबाने दिलेले हृदय विमानाने मुंबईस आणले गेले आणि विमानतळापासून मुलुंडच्या रुग्णालयापर्यंत वाहतूक पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवला. डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते बसविले. ‘ग्रीन कॉरिडॉर’ हा शब्द त्या सुमारास मराठी वर्तमानपत्रांत रूढ झाला. चौकाचौकांत उभ्या राहिलेल्या साध्या शिपायाचाही त्या शस्त्रक्रियेत वाटा आहे, ही गोष्ट प्रशासनातील माणसास खचितच सुखावणारी आहे.

शस्त्रक्रियेची रीत थोडक्यात अशी. छातीचे मधले हाड उघडून रुग्णाचे रक्त हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरविले जाते. जुने हृदय काढतात. नवे हृदय आत ठेवून त्याचे कप्पे व मोठ्या रक्तवाहिन्या एकेक करून शिवतात. मग अडविलेले रक्त सोडले जाते. कित्येकदा नवे हृदय आपोआप धडधडू लागते, कधी विजेचा सौम्य धक्का द्यावा लागतो. रक्तवाहिन्या जोडल्या जातात, मात्र मज्जातंतू जोडता येत नाहीत. ही बाब किरकोळ वाटते, पण पुढील आयुष्यावर तिचा मोठा परिणाम होतो.

शरीराचा अव्हेर

बर्नार्ड यांचा पहिला रुग्ण अठरा दिवसांनी न्यूमोनियाने गेला. हृदय अखेरपर्यंत चालत होते. परक्या अवयवाचा अव्हेर होऊ नये म्हणून दिलेल्या औषधांनी प्रतिकारशक्ती दडपली गेली आणि फुप्फुसांतील जंतूंना आडकाठी उरली नाही. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदय प्रत्यारोपणे झाली, बहुतेक रुग्ण दगावले, आणि बऱ्याच रुग्णालयांनी हे काम सोडून दिले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे डॉ. नॉर्मन शमवे यांनी चिकाटी धरली. अव्हेर सुरू झाल्याचे वेळीच कळावे म्हणून मानेतील शिरेतून चिमटा घालून हृदयाचा कणभर तुकडा काढण्याची व सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत त्यांच्याच केंद्रात १९७० नंतरच्या वर्षांत रुजली. दुसरीकडे नॉर्वेच्या माळरानावरील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध निघाले. १९८३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. आज प्रत्यारोपण झालेल्या शंभर रुग्णांपैकी साधारणतः पंच्याऐंशी ते नव्वद जण पहिले वर्ष पार करतात, आणि जागतिक नोंदींनुसार निम्मे रुग्ण बारा वर्षांहून अधिक जगतात.

या यशाची किंमत रुग्ण रोज मोजत असतो. टॅक्रोलिमस अथवा सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट आणि सुरुवातीस प्रेडनिसोलोन अशी औषधे त्यास आयुष्यभर, ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात. टॅक्रोलिमस बहुधा बारा बारा तासांनी घेतात. रक्तातील त्याचे प्रमाण कमी झाले तर अव्हेर, जास्त झाले तर मूत्रपिंडाला इजा. म्हणून सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त देऊन ते मोजून घ्यावे लागते. तपासणीच्या दिवशी गोळी आधीच घेऊन गेल्यास ती तपासणी फुकट जाते. पहिल्या महिन्यात दर आठवड्यास, पुढे हळूहळू अंतर वाढवीत हृदयाच्या तुकड्याची तपासणी होते.

सर्वांत मोठा धोका बरे वाटू लागल्यावर येतो. वर्षभरात माणूस चालू-फिरू लागतो, शेतावर जातो, आणि मग ‘आता कशाला एवढ्या गोळ्या’ असे त्याला किंवा घरच्यांना वाटते. अव्हेराची सुरुवात गाजावाजा न करता होते. थकवा, किंचित सूज, थोडा दम, वजनात वाढ. कित्येकदा काहीच लक्षण नसते. गोळ्या थांबविणारा रुग्ण काही आठवड्यांतच मिळालेले हृदय गमावून बसतो, आणि त्या हृदयाबरोबर दुसऱ्या एका कुटुंबाने आपल्या सर्वांत वाईट दिवशी घेतलेला निर्णयही वाया जातो.

गावी परतल्यावर

अशा रुग्णांची संख्या आता वाढते आहे. देशात २०१३ मध्ये ३० हृदय प्रत्यारोपणे झाली होती, २०२३ मध्ये २२१ झाली. हे रुग्ण शहरातल्या रुग्णालयातून कधीतरी आपल्या गावी परततात. तेथे त्यांची गाठ प्राथमिक आरोग्य केंद्राशी, औषधांच्या दुकानाशी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्याशी पडते. तेव्हा काही गोष्टी गावच्या जबाबदार माणसांना ठाऊक असलेल्या बऱ्या.

ताप ही अशा रुग्णाच्या बाबतीत तातडीची बाब आहे. इतरांना दोन दिवस वाट पाहता येते, त्यास नाही. प्रतिकारशक्ती दडपलेली असल्यामुळे साधा खोकला न्यूमोनियात बदलतो आणि आपल्या देशात शरीरात सुप्त असलेला क्षय जागा होण्याचे भय नेहमीच असते. त्यास क्षयाचे औषध देण्याची वेळ आली तरी ते प्रत्यारोपण केंद्रास विचारल्याखेरीज सुरू करू नये, कारण रिफाम्पिसिनमुळे टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण झपाट्याने खाली येते. याउलट क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही प्रतिजैविकांनी आणि बुरशीवरील कित्येक औषधांनी ते वर जाते. अंगदुखीवर दुकानातून सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. झाडपाल्याच्या औषधांविषयीही हेच. कोणाची श्रद्धा दुखविण्याचा येथे हेतू नाही. त्या औषधातले कोणते द्रव्य टॅक्रोलिमसचे प्रमाण किती हलवील याचा हिशेब कोणापाशी नसतो, एवढाच मुद्दा आहे. कोकणात व इतरत्र आवडीने खाल्ले जाणारे पपनस या रुग्णाने वर्ज्य करावे. ते आणि त्याच्या जातीचे ग्रेपफ्रूट ही फळे याच औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवितात.

पाणी उकळून प्यावे. उघड्यावरचे कापलेले फळ, कच्ची कोशिंबीर, न तापविलेले दूध टाळावे. पहिले काही महिने गोठा साफ करणे, शेणखत उपसणे, कणगीतले जुने धान्य किंवा भिजलेला कडबा झटकणे ही कामे दुसऱ्याने करावीत, कारण त्या धुळीत असलेली बुरशी निरोगी माणसाला काही करीत नाही, पण या फुप्फुसांत घर करते. जिवंत जंतू असलेल्या लसी, जसे गोवर किंवा कांजिण्यांच्या, अशा रुग्णास देत नाहीत. लसीकरण मोहिमेतील कर्मचाऱ्यांनी लस देण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

मज्जातंतू तुटलेले असल्याचा उल्लेख वर आला आहे. त्यामुळे या हृदयाला मेंदूचा निरोप पोचत नाही. स्वस्थ बसले असतानाही नाडी मिनिटाला नव्वद ते एकशे दहा चालते. ते आजाराचे लक्षण नव्हे. श्रम सुरू केल्यावर ठोके लगेच वाढत नाहीत, रक्तातील संप्रेरकांद्वारे काही मिनिटांनी वाढतात, आणि श्रम थांबल्यावर तितक्याच सावकाश उतरतात. म्हणून एस.टी. पकडण्यासाठी एकदम धावणे बरे नव्हे. आधी हळू चालावे, मग वेग वाढवावा, शेवटी पुन्हा हळू व्हावे. याहून गंभीर गोष्ट अशी की या हृदयाच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षांत अरुंद होऊ लागल्या तरी बहुधा छातीत दुखत नाही. दुखल्याचा निरोप नेणारी तारच तुटलेली असते. ‘छातीत दुखत नाही, म्हणजे सारे ठीक आहे’ असा निष्कर्ष तेथे लागू पडत नाही. अचानक दम, घेरी किंवा सूज आली तर तालुक्याच्या डॉक्टरांनी ताबडतोब प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क साधावा. केंद्राचा दूरध्वनी क्रमांक व औषधांची यादी असलेले कार्ड रुग्णाच्या खिशात कायम असावे.

दात्याचा स्वभाव हृदयाबरोबर येतो काय, असा प्रश्न गावोगाव विचारला जातो. मराठीत सारी माया, सारा राग हृदयाशीच बांधलेला असल्यामुळे तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. नवे हृदय रक्त ढकलते, एवढेच त्याचे काम. आठवण आणि स्वभाव मेंदूत असतात. रुग्ण मात्र कधीकधी स्वतःच खिन्न होतो, कोणाच्या तरी मरणावर आपण जगत आहोत ही बोचणी त्यास लागते. स्टेरॉइडमुळे चेहरा सुजतो, मन चिडचिडे होते. अशा वेळी त्याला सदैव पेशंट म्हणून न वागविता त्याच्याजोगे काम त्यास देणे हा मोठा उपचार आहे. शिक्षकास वर्गावर, कारकुनास टेबलावर परतता येते, आणि अनेकजण परतले आहेत.

खर्चाचा भाग टाळण्यासारखा नाही. शस्त्रक्रियेचा खर्च एकदा उभा करता येतो. देणग्या, न्यास, शासकीय साहाय्य असे मार्ग असतात. औषधांचा खर्च दरमहा येतो आणि तेथेच कुटुंब खचते. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमाखाली दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना अव्हेररोधक औषधांसाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. ती बऱ्याच लाभार्थ्यांपर्यंत केवळ माहितीअभावी पोचत नाही. दाखला वेळेवर मिळाला नाही म्हणून औषध खंडित झाले, असे होऊ न देणे ग्रामपंचायत व तहसील कार्यालय यांच्या हाती आहे.

संमतीचा क्षण

देशात २०२३ मध्ये सर्व अवयवांची मिळून १८,३७८ प्रत्यारोपणे झाली, पण त्यांतील फार मोठा भाग जिवंत नातेवाइकांनी दिलेल्या मूत्रपिंडांचा व यकृताचा होता. मृत्यूनंतर अवयव देणारे दाते त्या वर्षी सुमारे अकराशे होते. हृदय जिवंत माणसाला देता येत नाही. ज्याला हृदय हवे आहे त्याच्यासाठी हा अकराशेचाच आकडा खरा.

संमती मागितली जाते ती अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर, बहुधा रात्री, घरातील कर्त्या किंवा तरुण माणसाच्या मृत्यूची बातमी ऐकून अर्धा तासही झालेला नसताना. त्या क्षणी मेंदूमृत्यू हा शब्द प्रथमच कानी पडत असेल तर होकार मिळणे अवघड असते, आणि नकार देणाऱ्यास दोष देण्यात अर्थ नसतो. हा शब्द आधी कोठेतरी कानावर पडलेला असला पाहिजे : शाळेतील विज्ञानाच्या तासाला, ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत. २०२३ पासून अवयवदानाची प्रतिज्ञा आधार क्रमांकाच्या साहाय्याने संगणकीय पोर्टलवर नोंदविता येते. नोंद करणाऱ्याने त्याच दिवशी घरी तसे सांगून ठेवावे, कारण बाकावर बसणारे ते स्वतः नसतात.

शरीर विद्रूप होईल ही भीती सर्वांत अधिक बोलून दाखविली जाते. अवयव शस्त्रक्रियागृहातच, नेहमीच्या शस्त्रक्रियेप्रमाणे काढले जातात. त्यानंतर छाती व पोट नीट शिवून, शरीर स्वच्छ करून कुटुंबाच्या स्वाधीन केले जाते. तिरडीवर, कफनात किंवा पेटीत ठेवल्यावर काही वेगळे दिसत नाही, आणि अंत्यविधी ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे करता येतो. हृदय कोणाला मिळाले हे दात्याच्या घरच्यांना, किंवा कोणाचे मिळाले हे रुग्णास, अधिकृतपणे सांगितले जात नाही.